आम्ही आठ महिने थांबलो, तुम्ही थांबू नका

मी डॉक्टर नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि एका पाच वर्षांच्या मुलाचा बाप आहे. त्यामुळे जे सांगणार आहे, ते घरातलंच आहे.

मुलगा दीड वर्षाचा होता. हाक मारली तर वळायचा नाही. पण मोबाइलवर कार्टूनचं गाणं लागलं की आतल्या खोलीतून धावत यायचा. पाणी हवं असलं तर बोट दाखवायचा नाही. माझा हात धरून माठाकडे न्यायचा आणि माझ्याकडे न बघता तो ग्लासवर ठेवायचा. आम्हाला त्याचं कौतुक वाटायचं.

अम्मी म्हणाली, "तू तरी कुठे लवकर बोलत होतास?" शेजारच्या खाला म्हणाल्या, नजर लागली. कुणी बायकोच्या नोकरीला दोष दिला. कुणी म्हणालं, घरात दखनी, बाहेर मराठी, पोरगं गोंधळलंय. यात आठ महिने गेले. मग तपासणीत कळलं, ऑटिझम आहे. तो ना आईच्या नोकरीमुळे होतो, ना दोन भाषांमुळे, ना नजर लागून.

म्हणून काही खुणा लक्षात ठेवा. वर्षाचं मूल नावाने हाक मारल्यावर वळतं. दीड वर्षापर्यंत 'ते बघ' अशा अर्थाने बोट दाखवतं. दोन वर्षांपर्यंत 'पाणी दे' असे दोन शब्द जोडतं. हे होत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. येत असलेले शब्द किंवा टाटा करणं बंद झालं, तर वय न बघता लगेच जा. अशी खूण दिसली म्हणजे ऑटिझमच, असं नाही. ऐकू कमी येत असेल. म्हणून कानांची तपासणी नक्की करा.

खर्चाची भीती वाटत असेल तर अंगणवाडीत विचारा. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांची मोफत तपासणी होते आणि गरज असेल तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात.

माझ्या मुलात काही बिघडलेलं नव्हतं, की मी दुरुस्त करावं. त्याला लवकर मदत हवी होती. आज तो चित्रं दाखवून आणि थोड्या शब्दांत बोलतो. परवा गच्चीवर त्याने विमानाकडे बोट दाखवलं आणि वळून माझ्याकडे बघितलं.

तुमच्यातले बरेच जण अजून आईबाप नाहीत. पण कुणाचे मामू, चाचू, कुणाच्या फुफू आहात. घरातले मोठे 'बोलेल हळूहळू' म्हणतील, तेव्हा "एकदा दाखवून तर येऊ" एवढं तुम्ही म्हणा.