मागचा ट्रक, पुढची गाडी आणि आपला हक्क



हायवेवर बहुतेक ट्रकच्या पाठीवर लिहिलेलं असतं, 'सुरक्षित अंतर ठेवा'. ही सूचना मागच्यासाठी. पण तोच ट्रक आपल्या मागे लागला, आरशात नुसतं त्याचं बंपर दिसायला लागलं, की ती त्याच्या चालकाला कोण वाचून दाखवणार? मी मोटार अपघातांचे दावे चालवणारी वकील आहे. आज या अंतराबद्दल आणि जखमींच्या हक्कांबद्दल बोलते.

आधी साधा हिशोब. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. पुढचे लाल दिवे दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद जातो. तेवढ्यात ट्रक तीसेक मीटर पुढे आलेला असतो आणि ब्रेक अजून लागायचाच असतो. म्हणूनच २०१७ चे वाहन चालवण्याचे नियम सांगतात की पुढचं वाहन अचानक थांबलं तरी टक्कर होणार नाही, इतकं अंतर मागच्याने ठेवायचं.

'पुढच्याने एकदम ब्रेक मारला' हे उत्तर नेहमी चालत नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एक प्रकरण होतं. पुढे ट्रक, मागे मारुती, मध्ये १०-१५ फूट. न्यायालयाने निष्काळजीपणा मागच्या कारचाच धरला. ट्रक मागे असेल तेव्हा त्यालाही हाच नियम. पण पुढच्यालाही जबाबदारी आहे. २०२५ च्या कोइमतूरच्या प्रकरणात इशारा न देता थांबणाऱ्या कारवर ५० टक्के, बसवर ३० टक्के आणि पाय गमावलेल्या दुचाकीस्वारावर २० टक्के दोष ठेवला गेला. त्याची भरपाई तेवढीच कमी झाली.

आता माझ्याकडचा एक दावा सांगते. कुटुंब इंदूरचं, मराठी. अपघात गुजरातमध्ये, ट्रक राजस्थानचा. कारच्या मागच्या सीटवर बसलेल्या काकूंचा उजवा हात कायमचा अधू झाला. त्या शिलाईकाम करायच्या. 'तारखांना तीन राज्यं कोण फिरणार?' म्हणून घरचे पाच महिने गप्प बसले. मग कुणीतरी तडजोडीचा कागद आणला: अडीच लाख घ्या, सही करा.

नशिबाने सही झाली नव्हती. अडीच लाख ही गंभीर दुखापतीसाठी कलम १६४ खालची रक्कम आहे. मृत्यू असेल तर पाच लाख. ती मिळायला चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही. पण तडजोडीने ती स्वीकारली, की न्यायाधिकरणातला मोठा दावा संपतो. म्हणून सही करण्याआधी वकिलाला कागद दाखवा.

काकूंना मी चार गोष्टी सांगितल्या. एक, कलम १६६ प्रमाणे दावा आपण राहतो तिथे, म्हणजे इंदूरलाच लावता येतो. दोन, कायद्यात मुदत सहा महिन्यांची लिहिली आहे, थांबू नका. तीन, आपण प्रवासी. चूक ट्रकची किती आणि कारची किती, हा वाद त्यांचा. दोघांपैकी कुणाकडूनही पूर्ण भरपाई मागता येते, हे २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय. चार, दाखल्यावर हात किती टक्के अधू लिहिलाय, एवढ्यावर भागत नाही. त्या हाताने होणारी कमाई किती बुडाली, हे बघायचं. २०१० च्या निकालात हेच आहे: हात गेलेला सुतार आणि हात गेलेला सरकारी कारकून यांचं नुकसान सारखं नसतं. काकूंची शिवणाची वही, गिऱ्हाइकांच्या पावत्या, सगळं आम्ही पुरावा म्हणून जोडलं.

तुमच्यावर वेळ आली तर आधी उपचार. २०२५ च्या योजनेत ठरलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख न भरता मिळतात. ट्रकचा नंबर आणि गाड्या हलवण्याआधीचे फोटो घ्या. एफआयआर, पंचनामा, रुग्णालयाचे कागद, प्रत्येक बिल जपा. ट्रक पळून गेला आणि सापडलाच नाही, तरी सरकारी योजनेतून मृत्यूसाठी दोन लाख, गंभीर दुखापतीसाठी ५० हजार मिळतात. जखमींना मदत करणाऱ्यालाही कलम १३४-अ चं संरक्षण आहे, तेव्हा बघत उभे राहू नका.

आणि ट्रक मागे चिकटलाच, तर ईर्ष्या नको. डावीकडे घ्या, त्याला जाऊ द्या. दावा जिंकला तरी हात परत मिळत नाही.