काल मुलाच्या तोंडात काय गेलं?



पोषण शिक्षणाचा कार्यक्रम यशस्वी झाला, असं आपण कशावरून ठरवतो? सप्टेंबरात पोषण माह असतो. अंगणवाडीत पाककृतींची स्पर्धा होते, मोड आलेल्या मटकीचा पहिला नंबर येतो, फोटो वर पाठवले जातात. मग जमलेल्या बायांना विचारायचं, "लोह कशात असतं?" "पालेभाजीत!" सगळ्या एका सुरात. झालं मूल्यमापन! अहो, हे पाठांतर झालं. भोसरीच्या बालाजीनगरात किंवा चाकणजवळच्या नाणेकरवाडीत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बाईला पालेभाजी चांगली असते हे कळत नाही, असं मला कधीच वाटलेलं नाही. काल तिच्या दीड वर्षाच्या मुलाच्या तोंडात काय गेलं, ते विचारा.

आणि तेही नीट विचारा. "दिवसातून किती वेळा भरवता?" म्हटलं की आई तुम्हाला बरं वाटेल तो आकडा सांगते. "काल सकाळी उठल्यापासून काय काय खाल्लं?" असं विचारलं, तर चहा-बिस्किटापासून खरी हकिगत सुरू होते. सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांसाठी जगभर एक साधी कसोटी वापरतात. आईचं दूध, धान्य, डाळी, दूधदुभतं, मांस-मासे, अंडी, पिवळ्या-हिरव्या भाज्या-फळं आणि इतर भाज्या-फळं, असे आठ गट. त्यांतले किमान पाच कालच्या दिवसात पोटात गेले का? कार्यक्रमाआधी विचारायचं आणि नंतरही. याला फार पैसा लागत नाही, पण उत्तर ऐकायची तयारी लागते.

कारण उत्तर अवघड असतं. खेड तालुका भाजीपाला पिकवणारा, चाकणचा बाजार कांद्यासाठी नावाजलेला. त्याच बाजारापासून हाकेच्या अंतरावरच्या खोलीत मुलाच्या हातात पाच रुपयांचा पुडा असतो. याला आपण चटकन 'आईचं अज्ञान' म्हणतो. बाप कंत्राटी कामगार, त्याची पाळी दर आठवड्याला बदलते. आई पॅकिंगला किंवा धुण्याभांड्याला जाते. मूल आठ वर्षांच्या बहिणीजवळ. पुड्याला गॅस लागत नाही, तो नासत नाही आणि त्या बहिणीला देता येतो. या तीन गुणांना तोड देईल असं काही तुमच्या पाककृतींच्या पुस्तिकेत आहे का? नसेल, तर नापास आई झाली नाही, पुस्तिका झाली.

बरं, ताट सुधारलं तरी अंग भरेलच असं नाही. तेव्हाच्या आंध्रातल्या नलगोंडा जिल्ह्यात साठ गावांत एक काटेकोर प्रयोग झाला. घरोघर जाऊन आयांना वरच्या आहाराचं मार्गदर्शन केलं. मुलांचं खाणं खरोखर सुधारलं, वजनात मात्र ठळक फरक पडला नाही. ज्या गटात मुलाशी बोलत-खेळत भरवायला शिकवलं, तिथे बौद्धिक विकासाचे गुण वाढले. नुसता वजनकाटा पुढे ठेवला असता, तर हा लाभ दिसलाच नसता.

दुसरं उदाहरण धारावीचं. तिथे 'स्नेहा' संस्थेने गेल्या दशकात केलेल्या कामानंतर तीन वर्षांखालच्या मुलांतलं लुकडेपणाचं प्रमाण 18 टक्क्यांवरून 13 वर आलं. पण त्यांनी काम नसलेल्या वस्त्यांतली मुलंही मोजली. तिथे ते 16.9 वरून 16 झालं होतं. म्हणजे त्या पाचातला जवळपास एक कार्यक्रमाविनाही घटला असता. शिवाय तिथे नुसता उपदेश नव्हता. घरभेटी होत्या, नियमित वजनं होती, तीव्र कुपोषित मुलांना उपचाराचा आहार होता. त्या यशावर बोट ठेवून कुणी "बघा, प्रबोधनाने कुपोषण हटतं" म्हणू लागला, तर त्याला थांबवा.

आपल्याकडे तुलनेची वस्ती कुणी ठेवतच नाही. जूनमध्ये पहिलं वजन, जानेवारीत दुसरं. पावसाळ्यातली जुलाबाची साथ ओसरते, थंडीत भूक वाढते, आणि श्रेय जातं तक्त्यांना! त्यात सर्वांत रोडावलेली मुलं निवडली असतील, तर त्यांतली काही तशीही थोडी वर येतातच. उंचीचं तर सहा महिन्यांत बोलूच नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या खुरटलेल्या मुलांचं प्रमाण 2015-16 मध्ये 34.4 टक्के होतं, पुढच्या फेरीत 35.2. तीव्र लुकडेपणा 9.4 वरून 10.9 वर गेला. अख्ख्या राज्याचा आकडा दोन फेऱ्यांत सुधारला नाही, तिथे तुमच्या वस्तीचा एका हंगामात हलला, तर आधी काटा तपासावा. इथे कंपनीत पार्ट मोजायचं गेज ठरल्या मुदतीत कॅलिब्रेट होतं, तसं काट्याचंही व्हायला हवं.

आता या पिंपरी-चाकण पट्ट्याची खास अडचण सांगतो. पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, 1982 साली पिंपरी-चिंचवड महापालिका झाली, 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या सव्वासतरा लाखांवर गेली. ही माणसं मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेशातून आली, आणि बरीचशी आजही हलतीच आहेत. कंत्राट संपलं की खोली सुटते, दिवाळीला गावी गेलेलं बिऱ्हाड परत येईलच असं नाही. सुरुवातीला वजन केलेलं मूल शेवटी सापडत नाही, त्याच्या जागी नवं मूल पटावर येतं. अहवालात मात्र दोन सरासऱ्या शेजारी-शेजारी छापतात. गेलेली मुलं कोणती? बहुधा ज्यांच्या बापाचं काम सुटलं त्यांची, म्हणजे सगळ्यांत अडचणीतली. ती पटावरून गेली की सरासरी आपोआप सुधारते. कुपोषण कमी झालं नाही, ते दुसऱ्या गावी राहायला गेलं.

कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. चाकणला हा पैसा कमी नाही आणि त्यातून पोषणाचे कार्यक्रमही होतात. पैसे देणाऱ्यांना माझी विनंती आहे: अहवालात किती आयांना प्रशिक्षण दिलं ते मागू नका. सुरुवातीला मोजलेल्या मुलांपैकी शेवटी तीच किती सापडली, ते मागा. निम्म्यांचा पत्ता लागत नसेल, तर तेच पहिल्या पानावर छापायला सांगा.