ग्रंथ कोणाच्या बाजूने वाचावा?

(बुद्धविहारात वंदनेनंतर नवदीक्षित कुटुंबांपुढे दिलेले व्याख्यान)



बुद्धविहारात ख्रिस्ती प्रवचनकारांचा विषय कशासाठी, असा प्रश्न एका ज्येष्ठ उपासकांनी मला आज सकाळीच केला. प्रश्न रास्त आहे. परधर्माची स्तुती किंवा निंदा करण्यासाठी मी उभा नाही. आपण नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे. ज्यांना ग्रंथाजवळ येण्याचीही बंदी होती, त्यांच्या घरात आज एक ग्रंथ मानाने ठेवलेला आहे. तो कसा वाचावा आणि त्यावर काय बोलावे, हा प्रश्न आपल्याआधी अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाला पडला होता. त्यांनी दिलेले उत्तर आपण समजून घेतले पाहिजे.

त्यांना बायबल मिळाले ते धन्याच्या हातून. १८०७ साली लंडनमध्ये ब्रिटिश वेस्ट इंडीज बेटांवरील गुलामांकरिता बायबलचे एक निवडक संस्करण छापण्यात आले. मिसर देशाच्या गुलामगिरीतून इस्रायली लोक मुक्त होऊन बाहेर पडतात, ती सारी हकीकत त्यातून गाळली होती. दासांनी धन्याची आज्ञा पाळावी, हे वचन मात्र ठेवले होते. आपल्याकडे वेद ऐकणाऱ्या शूद्राला शिक्षा सांगितली होती. तिकडे कात्री लावलेला ग्रंथ हाती दिला. हेतू एकच होता.

या कात्रीला एका निरक्षर म्हातारीने उत्तर दिले. हॉवर्ड थर्मन हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक लहानपणी आपल्या आजीला बायबल वाचून दाखवीत. आजीचा जन्म गुलामगिरीतला. पौलाची पत्रे वाचू लागताच ती नातवाला थांबवी. त्यातील प्रेमावरचा एक अध्याय तेवढा कधीमधी चाले. पुढे त्यांनी कारण विचारले. आजी म्हणाली की, धन्याचा पाद्री आम्हांला उपदेश करावयास येई तेव्हा पौलाचेच वचन घेऊन आज्ञापालन शिकवी. स्वतंत्र झाल्यावर तो भाग पुन्हा ऐकावयाचा नाही, असा निश्चय मी तेव्हाच केला होता. अक्षर न शिकलेल्या त्या बाईचा हा ग्रंथविवेक मला पंडितांच्या भाष्यांहून मोठा वाटतो.

हेच थर्मन १९३५ साली सिंहलद्वीपात व पुढे भारतात आले. कोलंबोत एका विधिज्ञाने त्यांना विचारले की, ज्या ख्रिस्ती लोकांनी तुम्हांला गुलाम केले, त्यांचाच धर्म तुम्ही कसा सांगता? या प्रश्नातून त्यांचा १९४९ सालचा ग्रंथ सिद्ध झाला. येशू हा रोमच्या सत्तेखाली चिरडलेल्या जमातीतील एक गरीब मनुष्य होता, म्हणून त्याची शिकवण चिरडलेल्यांच्या बाजूनेच वाचली पाहिजे, असे त्याचे सार आहे.

हा विचार ज्यांनी प्रवचनातून रस्त्यावर आणला, ते मार्टिन ल्यूथर किंग. त्यांच्या नेतृत्वाखाली माँटगोमेरी शहरातील कृष्णवर्णीयांनी ५ डिसेंबर १९५५ पासून बसगाड्यांवर बहिष्कार घातला आणि तो ३८१ दिवस चालविला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेब आपणांस दीक्षा देत होते, तेव्हा तिकडे ते लोक पायी कामावर जात होते. लढ्याच्या सभा चर्चमध्ये भरत.

याउलट आपल्या देशातील चर्चविषयी बाबासाहेबांची तक्रार होती, हे विसरून चालणार नाही. मिशनांनी शाळा काढल्या, रुग्णालये काढली. परंतु बाटलेल्या अस्पृश्याचा सामाजिक जाच दूर करण्यासाठी ती उभी राहिली नाहीत आणि जातिभेद चर्चमध्येही शिरला, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. (जाता जाता सांगतो : १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या आपल्या बांधवांना अनुसूचित जातीचा दर्जा आजही नाही. आपल्यालाही तो केंद्रात १९९० सालीच मिळाला. त्यांच्यावरील अन्यायाविषयी आपण मुके राहणे बरे नव्हे.)

१९५९ साली किंग भारतात आले. त्रिवेंद्रमजवळच्या एका शाळेत बहुतेक मुले पूर्वास्पृश्यांची होती. मुख्याध्यापकांनी पाहुण्यांची ओळख अमेरिकेतील एक अस्पृश्य अशी करून दिली. किंग प्रथम दुखावले. मग आपल्या दोन कोटी बांधवांची स्थिती त्यांच्या डोळ्यांपुढे आली आणि ते मनाशी म्हणाले, होय, मी अस्पृश्यच आहे. १९६५ साली त्यांनी स्वतःच ही गोष्ट प्रवचनात सांगितली.

शांततेविषयी त्यांच्याशी बोलणारा एक भिक्षू होता, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. व्हिएतनामचे थिक न्यात हान यांनी १९६५ साली त्यांना पत्र लिहिले. भिक्षूंनी स्वतःला जाळून घेतले ते मरण्यासाठी नव्हे, तर जगाला लोकांचे दुःख दिसावे म्हणून, आणि आमचा शत्रू माणूस नाही, माणसातील द्वेष व लोभ आहे, असा त्याचा आशय होता. पुढच्याच वर्षी दोघे भेटले. १९६७ च्या जानेवारीत किंग यांनी नोबेल शांतता पारितोषिकासाठी या भिक्षूचे नाव सुचविले आणि ४ एप्रिलला न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये युद्धाविरुद्ध उघड भाषण केले. गरिबांच्या भाकरीचा पैसा बॉम्बवर जातो, आणि ज्याला घरी समता नाही त्या कृष्णवर्णीय तरुणाला दुसऱ्याच्या स्वातंत्र्याच्या नावाने मरावयास पाठविले जाते, असे त्यांनी दाखवून दिले. मोठी वृत्तपत्रे उलटली. नागरी हक्कांपुरते बोला, असे स्वकीयही म्हणू लागले. त्यांनी ऐकले नाही.

शेवटी ते मेम्फिसला गेले, ते कोणासाठी? १९६८ च्या फेब्रुवारीत पावसापासून आडोसा घेतलेले दोन सफाई कामगार कचऱ्याच्या गाडीतील यंत्रात चिरडून मेले. सुमारे तेराशे कामगारांनी संप केला. ३ एप्रिलच्या रात्री किंग यांनी त्यांच्यापुढे येशूचा एक दृष्टांत सांगितला. वाटेवर लुटलेला मनुष्य पडला आहे. पुरोहित बाजूने निघून जातो, आणि यहुदी ज्याला तुच्छ मानीत तो शोमरोनी थांबतो. मी थांबलो तर माझे काय होईल, असे पुरोहिताने विचारले असेल. मी थांबलो नाही तर याचे काय होईल, असे शोमरोन्याने विचारले. दुसऱ्या दिवशी किंग यांचा गोळी घालून खून झाला. वय एकोणचाळीस.

आपल्याकडे २०१३ चा कायदा असूनही गटारात उतरलेले कामगार मरत आहेत, आणि ते कोणत्या वस्त्यांतून येतात हे मी सांगावयास नको. त्यांचे नाव विहारातील प्रवचनात किती वेळा निघते? पाली वंदना शुद्ध म्हणावी, याविषयी वाद नाही. पण तिच्यानंतर मराठीतून काय बोलले जाते? ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी बुद्धवचन ओळखण्याची कसोटी दिली आहे. जे बुद्धीला पटत नाही, माणसाच्या हिताशी ज्याचा संबंध नाही, ते बुद्धाचे मानू नये. म्हणजे थर्मन यांच्या आजीचा अधिकार आपल्या प्रत्येक आईला दिलेला आहे.

त्याच ग्रंथात राजगृहाचा झाडूवाला सुनीत याच्या दीक्षेची कथा आहे. पुढील रविवारी ती मराठीतून वाचावी, एखाद्या मुलीने वाचावी. आणि वाचन संपल्यावर नगरपालिकेच्या सफाई खात्यात काम करणाऱ्या आपल्या उपासकांनी पुढे बसून आपल्या कामाची हकीकत सांगावी, अशी माझी विनंती आहे.

जय भीम.