रणगाडा ओळखायचा तर चाकं बघा

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात किंवा एखाद्या चौकातल्या चौथऱ्यावर जुना रणगाडा दिसला, की नजर आधी तोफेकडे जाते. ओळख पटवायची तर खाली बघा. तोफ पुढे बदललेली असू शकते, रंग तर पुन्हापुन्हा लागतो. चाकांची मांडणी मात्र सहसा तीच राहते.

रशियन टी-५५ ला एका बाजूला पाच मोठी चाकं. पहिल्या आणि दुसऱ्या चाकात ठळक मोकळी जागा, आणि वरचा पट्टा थेट चाकांवर टेकलेला. हीच फट मागच्या चाकांत दिसली, तर तो नंतरचा टी-६२.

अमेरिकन पॅटनला सहा चाकं, शिवाय पट्टा वरून उचलून धरणारी लहान चाकं. त्यातल्या एम-४८ चं पुढचं अंग नावेसारखं गोलाकार, ओतीव. १९६५ च्या सप्टेंबरात असल उत्तरला आपल्या जवानांनी पाकिस्तानचे पॅटन रोखले, ते आठवून हा रणगाडा जरा निवांत पाहावा. त्या लढाईतल्या आपल्या सेंच्युरियनलाही सहाच चाकं, पण ती जोडीजोडीने बसवलेली.

आणि पट्टा ओढणारं दातेरी चाक पुढच्या टोकाला असेल, तर दुसऱ्या महायुद्धातला शर्मन किंवा स्टुअर्ट असण्याची शक्यता मोठी; आत्ता सांगितलेल्या बाकी सगळ्यांत ते मागे असतं.