शवयात्रेपलीकडे कॅमेरा जातो का?

(३० जानेवारीच्या निमित्ताने कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



चित्रपट हा माझा विषय नव्हे. आयुष्यभर मी अर्थशास्त्र शिकवले, आणि अर्थशास्त्राच्या माणसाला खर्चाचा हिशेब आधी दिसतो. तेव्हा तिथूनच सुरुवात करतो.

३१ जानेवारी १९८१ रोजी रिचर्ड ॲटनबरो यांनी ‘गांधी’ चित्रपटासाठी दिल्लीच्या राजपथावर महात्माजींच्या अंत्ययात्रेचे चित्रीकरण केले. प्रत्यक्ष अंत्ययात्रेला त्या दिवशी ३३ वर्षे पूर्ण होत होती. ३ लाखांवर माणसे जमली. त्यांपैकी ९४ हजारांवर लोकांना अल्पसा मेहनताना मिळाला, बाकीची स्वेच्छेने आली. ११ पथकांनी २० हजार फूट फिल्म खर्ची घातली आणि पडद्यावर उरली ती १२५ सेकंद. आज सकाळी ११ वाजता आपण जे मौन पाळले, जवळजवळ तेवढाच हा वेळ! राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचे, म्हणजे जनतेचे, पैसेही त्या चित्रपटात गुंतलेले होते. त्याच्या नफ्यातून पुढे गरजू कलावंतांसाठी निधी उभा राहिला, म्हणून पैशाबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार वेगळी आहे. चित्रपट हत्येपासूनच सुरू होतो. परंतु मारेकऱ्याला तिथे चेहरा आहे, विचार नाही. गांधीजींच्या अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यात, १९३४ साली, पुण्यात त्यांच्या स्वागताच्या वेळी बॉम्ब फेकला गेला होता. तेव्हा ना फाळणी होती, ना ५५ कोटी. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाने हे विसरून चालणार नाही. तीन तासांच्या या चित्रपटात डॉ. आंबेडकर नाहीत, अर्थातच पुणे करारही नाही. मग उरते ते एका सत्पुरुषाचे मरण आणि अफाट गर्दी. ही गर्दी रडते. पण कोणी मारले, का मारले, हे ती विचारत नाही.

आता माझीच एक गोष्ट सांगतो. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधींची हत्या झाली तेव्हा मी नवखा अध्यापक होतो. त्या वर्षी गावोगाव दूरदर्शनची प्रक्षेपण केंद्रे उभी राहत होती, आणि आमच्या शेजाऱ्यांकडे नुकताच संच आला होता. पुढचे तीन दिवस आम्ही सारे त्यासमोर बसून होतो. तीन मूर्ती भवन, तिथे ठेवलेला देह, रांगेतून पुढे सरकणारी माणसे. आणीबाणीमुळे इंदिराजींचा कट्टर विरोधक असलेल्या माझ्याही डोळ्यांत पाणी आले, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. लाज वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. त्याच तीन दिवसांत, त्याच शहरात, यमुनेपलीकडच्या त्रिलोकपुरीत शिखांना घरांतून ओढून जाळले जात होते. सरकारी आकड्यानुसारच दिल्लीत २,७३३ माणसे मारली गेली. कॅमेरा तीन मूर्तीवरून हलला नाही आणि आम्हीही संचासमोरून हललो नाही. सूडाच्या घोषणा त्या प्रक्षेपणातूनच ऐकू आल्याचे साक्षीदारांनी पुढे सांगितले. मी काही ऐकले होते का? ऐकले असेल आणि शोकाचाच भाग समजून सोडून दिले असेल.

मला हे कळले ते पीयूसीएल आणि पीयूडीआर या संघटनांच्या अहवालातून. पीयूसीएलची मुळे जयप्रकाशजींनी रुजवली, हे आपणांस ठाऊकच आहे. छापील कागदाने जे आठवड्या-दोन आठवड्यांत सांगितले, ते पडद्यावर यायला वर्षे लागली. २००५ साली शोनाली बोस यांचा ‘अमू’ आला, तेव्हाही मंडळाने त्यातील संवाद गाळायला लावले आणि प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र दिले. याउलट २०२२ सालचा ‘द काश्मीर फाइल्स’ अनेक राज्य सरकारांनी करमुक्त केला. काश्मिरी पंडितांचे हाल खरे आहेत, विस्थापन खरे आहे. ते पडद्यावर यायलाच हवे होते. परंतु करमाफी हे अनुदानच असते, हे मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवले आहे. कोणत्या प्रेतांना अनुदान आणि कोणत्या प्रेतांना कात्री, हे सत्ता ठरवते.

दूरदर्शनने याहून वेगळे काही कधी केलेच नाही, असे मात्र नाही. भीष्म साहनींच्या कादंबरीवरची गोविंद निहलानींची ‘तमस’ ही मालिका जानेवारी १९८८ मध्ये सुरू झाली. ती थांबवण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली गेली. न्या. लेंटिन आणि न्या. सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः पाहिली आणि स्थगिती उठवली. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही तिला मोकळे ठेवले. या मालिकेत राष्ट्रीय नेता नाही, अंत्ययात्राही नाही. कातडी कमावणारा नथू आहे. त्याच्या हातावर ५ रुपयांची नोट ठेवून मुराद अली त्याच्याकडून डुक्कर मारवून घेतो. ते मशिदीच्या पायरीवर सापडते आणि शहर पेटते. दंगल पेटवायला किती भांडवल लागते, याचे इतके अचूक गणित मी अर्थशास्त्राच्या पुस्तकात पाहिलेले नाही. योगायोग असा की ‘गांधी’मध्ये उपोषण करणाऱ्या बापूंपुढे भाकरी फेकणारा पश्चात्तापदग्ध माणूस आणि इथला नथू, दोन्ही भूमिका ओम पुरी यांच्याच. तिथे त्याला एका महात्म्याकडून मुक्तीचा मार्ग मिळतो. इथे त्याला ५ रुपये मिळतात आणि मरण.

हा अभ्यासवर्ग दरवर्षी ३० जानेवारीला ‘गांधी’ दाखवतो. तो जरूर दाखवा. बेन किंग्जले यांचे काम पाहण्यासारखेच आहे. पण फेब्रुवारीच्या बैठकीत ‘तमस’ लावा. तो सुमारे पाच तासांचा आहे, म्हणून दोन रविवार काढावे लागतील. शेवटी शहरातून शांततेची बस फिरते आणि तीत ध्वनिक्षेपकाशेजारी मुराद अलीच बसलेला असतो. चर्चेला तिथून सुरुवात करा, आणि आपल्या गावातल्या शांतता समितीच्या बसमध्ये कोण कोण बसले होते, हे ज्यांना आठवते त्यांना आधी बोलू द्या.