आधी बसा, मग बघू

(पारोळा येथे झालेल्या महिला मेळाव्यातील भाषण)

या मेळाव्यात काय बोलणार, असं मला विचारलं तेव्हा मी सांगितलं, सिनेमावर बोलते. विचारणाऱ्या ताई जरा थांबल्या. म्हणाल्या, "तुम्ही दरवेळी पोटगी, सातबारा, हिंसाचार यांवर बोलता. आता सिनेमा?" मी म्हटलं, हो. कारण मला वाटतं, हाही त्याच यादीतला विषय आहे. का, ते सांगते.

माझ्या आईने आयुष्यभर सिनेमा उभ्याने पाहिला. आमच्याकडे टीव्ही आला तेव्हा मी शाळेत होते. रविवारी संध्याकाळी सगळे समोर बसायचे. वडील खुर्चीवर, आम्ही भावंडं सतरंजीवर आणि आई स्वयंपाकघराच्या दारात. हाताला पीठ, एक कान टीव्हीकडे, एक तव्याकडे. भाकरी भाजून यायची, तोवर नायिकेचं लग्न झालेलं असायचं. वाढून यायची, तोवर नायिका विधवा. रात्री झोपताना मला विचारायची, "मंग पुढं काय झालं?" मी झोपेत काहीतरी सांगायचे. तिने अर्ध्यावर सोडलेले किती सिनेमे असतील, याची मोजदादच नाही.

पुढे मी समाजकार्याचं शिक्षण घेतलं. निर्णयप्रक्रियेत स्त्रियांचा सहभाग यावर पानंच्या पानं लिहिली. पण "आई, तू इथे बस, भाकरी मी टाकते," असं म्हणायला मला वयाची तिशी गाठावी लागली. हे मी तुमच्यासमोर कबूल करते.

तेव्हा पहिला मुद्दा हा, की घरी सिनेमा बघणं ही बाईसाठी साधी गोष्ट नाही. पुरुषासाठी घर म्हणजे विसाव्याची जागा. बाईसाठी तेच कामाचं ठिकाण. कामाच्या ठिकाणी दोन तास पाय पसरून बसायचं, तेही बिबड्यांचा घाटा नाही, निवडायला तांदूळ नाहीत, नुसतं बसायचं, म्हणजे अपराध केल्यासारखं वाटतं. मी एकीला बोलावलं तर म्हणाली, "माले येळ कोठे शे?" तिच्याकडे वेळ नव्हता असं नाही. वेळ होता, पण तो तिचा आहे असं तिला कोणी सांगितलं नव्हतं.

दुसरी गोष्ट, सिनेमा म्हणजे फक्त मुंबईचा मोठा सिनेमा, असं समजू नका. आपल्या धुळ्याच्या पलीकडे मालेगाव आहे. तिथे शेख नासिर आणि त्यांच्या सोबत्यांनी साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर 'मालेगाव के शोले' केला, 'मालेगाव का सुपरमॅन' केला. कलाकार कोण, तर गावातलीच माणसं, यंत्रमागावर राबणारी. फैजा अहमद खान या दिग्दर्शिकेने त्यांच्यावर २००८ साली 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला. तो जरूर बघा. हसून पुरेवाट होते आणि मधेच घशात आवंढा येतो. पण बघताना एक लक्षात ठेवा. या सिनेमांत काम करायला मालेगावच्या मुली मिळत नसत, नट्या बाहेरून आणाव्या लागत. म्हणजे सिनेमा आपल्या दाराशी आला, तरी बाई उंबऱ्याच्या आतच.

आता आमच्या पारोळ्यातल्या प्रयोगाबद्दल. आम्ही सहा-सात जणी महिन्यातून एकदा दुपारी एकीच्या घरी जमतो आणि एक सिनेमा बघतो. सुरुवातीला सिनेमा मी निवडला आणि मी चुकले. मी लावला 'द ग्रेट इंडियन किचन', २०२१ सालचा मल्याळी सिनेमा, दिग्दर्शक जिओ बेबी. एक शिकलेली मुलगी लग्न होऊन सासरी येते. मग चिरणं, वाटणं, वाढणं, खरकटं काढणं, पुन्हा चिरणं. मोरीचा पाइप गळत असतो, नवऱ्याला चार वेळा सांगूनही तो प्लंबर बोलवत नाही. फार चांगला सिनेमा आहे. पण आमच्यातली एक जण अर्ध्यातून उठून गेली. दुसऱ्या दिवशी मी तिला भेटले. ती म्हणाली, "ताई, हे मी रोज करते. तुम्ही मला घरातून बोलावून पुन्हा तेच दाखवलं."

मला त्या रात्री झोप आली नाही. आपण कार्यकर्त्या बायांना त्यांचं दुःख दाखवायला फार उत्सुक असतो. जणू त्यांना ते ठाऊकच नाही! तेव्हापासून मी एक नियम केला. आधी हसायचं. हसताना माणूस आपल्या घराकडे थोडं लांबून बघतो, आणि लांबून बघितलं की भीती कमी होते. रडायचे सिनेमे नंतर, आणि तेही सगळ्यांना आधी विचारून.

म्हणून पुढच्या महिन्यात आम्ही पाहिला 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'. २००९ सालचा, परेश मोकाशींचा. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' कसा काढला, त्याची ही गंमतशीर गोष्ट. बायकांची कामं करायला बाई मिळेना, म्हणून पुरुष तारामती झाले. पण पुरुषांना मिशा उतरवायला लावायच्या म्हणजे केवढं संकट! बाप जिवंत असताना मिशी कशी काढायची? आमच्या बाया डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. आणि मग सरस्वतीबाई फाळके. घरातल्या वस्तू विकल्या जाताहेत, लोक नवऱ्याला वेडा म्हणताहेत, आणि ही बाई सगळ्या मंडळींना रांधून वाढते, वर फिल्मच्या कडेची भोकं पाडायला शिकते. सिनेमा संपल्यावर एक मावशी म्हणाल्या, "फॅक्टरी त्याची, आणि रात्रपाळी हिची!" याहून चांगलं परीक्षण मी कुठे वाचलेलं नाही. आणि हो, अर्ध्यातून उठून गेलेली ती मैत्रीण त्या दिवशी आली होती. शेवटपर्यंत बसली.

मग आम्ही थोडं पुढे सरकलो. 'गाभ्रीचा पाऊस', हाही २००९ सालचाच, सतीश मनवरांचा. विदर्भातल्या कापूस शेतकऱ्याची गोष्ट, म्हणजे आपलीच म्हणा. शेजारचा शेतकरी आत्महत्या करतो. किसनाच्या बायकोला, अलकाला, वाटतं की आता आपला नवराही काही बरंवाईट करून घेईल. म्हणून ती त्याला एकटं सोडत नाही. पोराला मागे लावते, सासूला लावते, गोडधोड करून घालते. त्या बिचाऱ्याला कळतच नाही, घरात एकदम लाड कसले चाललेत. हसू येतं, आणि हसताना पोटात खड्डा पडतो. आपल्या भागात पाऊस लांबला, कपाशीचा भाव पडला की किती घरांत बाया अशा जाग्या राहतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. आत्महत्येची बातमी होते. जागं राहणाऱ्या बाईची बातमी होत नाही. शेवट मी सांगत नाही, तुम्ही बघा.

आता परदेशी सिनेमा. "भाषा समजत नाही," ही पहिली तक्रार. त्याला उपाय आहे. खाली इंग्रजी ओळी येतात, आमच्यात एक कॉलेजची मुलगी आहे, ती त्या वाचून अहिराणीत सांगते. तिचं अहिराणी ऐकायलाच बाया येतात म्हटलं तरी चालेल. ज्या मुलीला घरात कोणी चार वाक्यं बोलू देत नाही, ती तिथे दीड तास सगळ्यांचा आवाज होते.

'वाज्दा' हा २०१२ सालचा सौदी अरेबियातला सिनेमा. दिग्दर्शिका हैफा अल मन्सूर. त्या देशात तेव्हा चित्रपटगृहंच नव्हती, ती २०१८ साली पुन्हा उघडली. म्हणजे ही बाई लहानपणापासून सिनेमा शिकली ती घरात बसून, व्हिडिओ कॅसेटवर. "घरात बसून सिनेमा बघून काय मिळतं?" असं कोणी विचारलं, तर हे उत्तर द्या. रियाधच्या रस्त्यावर पुरुषांच्या घोळक्यात उभं राहून बाईने हुकूम देणं शक्य नव्हतं, म्हणून तिने गाडीत बसून वॉकीटॉकीवरून चित्रीकरण चालवलं. गोष्ट साधी. दहा वर्षांच्या मुलीला सायकल हवी आहे, आणि मुलींनी सायकल चालवायची नसते. पोरगी मोठी बिलंदर आहे. तिच्या घरी भिंतीवर वंशावळ लावलेली असते, त्यात फक्त पुरुषांची नावं. ती आपलं नाव एका चिठ्ठीवर लिहून बापाच्या नावाखाली टाचते. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी काढलेली असते.

या ठिकाणी आमच्या घरात एकदम शांतता पसरली. मग एक जण म्हणाली, "आमच्या सातबाऱ्यावर पण माझी चिठ्ठी टिकली नाही." महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली हिंदू वारसा कायद्यात बदल होऊन वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क मिळाला. मी हे शंभर वेळा सभांमध्ये सांगितलं असेल. त्या दुपारी मात्र मला सांगावं लागलं नाही, मला विचारलं गेलं. हा फरक लक्षात घ्या.

इराणच्या जाफर पनाहींचा २००६ सालचा 'ऑफसाइड' असाच. फुटबॉलचा सामना बघायला मुली मुलांचे कपडे घालून मैदानात घुसतात आणि पकडल्या जातात. पहारा देणारे शिपाई बिचारे खेड्यातले, त्यांनाही नीट सांगता येत नाही की मुलींना मनाई का. बंदी किती हास्यास्पद असते, ते मुलींच्या प्रश्नांतून उघडं पडतं. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये तेहरानच्या आझादी मैदानावर जागतिक पात्रता सामन्याला बायकांना तिकीट काढून बसता आलं. सिनेमाने ते घडवलं असं मी म्हणणार नाही. ज्या बायका वर्षानुवर्षं दारात उभ्या राहिल्या, त्यांनी घडवलं. पण सिनेमाने त्यांची बाजू जगाला हसत हसत सांगितली.

आता गंभीर सिनेमांकडे येते. 'उंबरठा', १९८२, डॉ. जब्बार पटेल. शांता निसळांच्या 'बेघर' या कादंबरीवरून, पटकथा विजय तेंडुलकरांची. त्यातली स्मिता पाटील ही आपल्या खानदेशची लेक, तापीपलीकडच्या शिरपूरच्या घराण्यातली. तिची सुलभा घर, नवरा, लहान मुलगी मागे ठेवून महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून जाते. आमच्याकडे यावर कडाक्याचं भांडण झालं. एक म्हणाली, "काम करावं, पण लेकीला टाकून?" दुसरी म्हणाली, "नवरा नोकरीला दुबईला गेला असता तर कोणी विचारलं असतं का?" मी गप्प बसले. मी स्वतः मूल तीन वर्षांचं असताना दुसऱ्या तालुक्यात कामाला गेले होते आणि पहिला प्रश्न मला माझ्या आईनेच विचारला होता. त्या प्रश्नाचं पुरतं उत्तर अजून माझ्याकडे नाही. एवढंच वाटतं, की हा प्रश्न आईला एकटीला न विचारता घराला विचारायला हवा.

आणि सुमित्रा भावे. त्या माझ्या व्यवसायातल्याच. समाजकार्य शिकवत होत्या, बायांचं जगणं अभ्यासत होत्या. अहवाल लिहून ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना तो वाचता येत नाही, म्हणून त्या सिनेमाकडे वळल्या. झोपडपट्टीतल्या बाईवरची 'बाई' ही १९८५ ची त्यांची पहिली छोटी फिल्म. सुनील सुकथनकरांबरोबर त्यांनी १९९५ साली 'दोघी' केला. लग्नाच्या दिवशीच नवरदेव अपघातात जातो आणि मुलगी अपशकुनी ठरते. पुढे मुंबईला पाठवलेल्या त्या मुलीचं काय होतं आणि तिच्या पैशांवर जगणारं घर तिच्याशी कसं वागतं, ते बघवत नाही, पण बघायला हवं. २०२१ मध्ये सुमित्राताई गेल्या. दुःख न विकता दुःख कसं दाखवावं, हे आम्ही त्यांच्याकडून शिकावं.

अलीकडचा, २०२४ चा, पायल कपाडियांचा 'ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट'. त्याला कान महोत्सवात ग्रां प्री हा मोठा सन्मान मिळाला. छाया कदमने त्यात रुग्णालयात स्वयंपाक करणारी पार्वती उभी केली आहे. नवरा गेला, मुंबईतल्या खोलीचा एकही कागद हिच्याकडे नाही, बिल्डर हिला बाहेर काढतो आणि ती कोकणात गावी परतते. सिनेमा संथ आहे, घाई करू नका. आणि घरी गेल्यावर आपल्या घराचा कागद कोणाच्या नावावर आहे, तेवढं बघा.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. एकटीने मोबाइलवर बघण्यापेक्षा चार-पाच जणींनी मिळून बघा. दुपारची वेळ ठेवा. दोन तास जमत नसतील तर दोन दिवसांत बघा. कोणाच्या घरी मारहाण चालू असेल तर तसला प्रसंग येणार आहे हे आधी सांगा आणि मधून उठून जायची मोकळीक ठेवा. चहा त्या घरच्या बाईने करायचा नाही. आणि सिनेमा संपल्यावर लगेच उठू नका, अर्धा तास बोला. खरा सिनेमा तिथे सुरू होतो.

शेवटी एकाच सिनेमाची गोष्ट सांगते. इराणच्या मर्झिए मेश्किनी यांचा २००० सालचा, 'ज्या दिवशी मी स्त्री झाले' अशा अर्थाच्या नावाचा. त्यातल्या तिसऱ्या गोष्टीत एक म्हातारी आहे. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हाती पैसा आलाय. तिने बोटाबोटाला चिंध्या बांधल्यात, प्रत्येक चिंधी म्हणजे राहून गेलेली एक हौस. फ्रिज घेतला की एक चिंधी सोडायची. सगळं घेऊन होतं, समुद्राच्या वाळूत संसार मांडून होतो, आणि एका बोटाची चिंधी तशीच राहते. ती कशाची, ते तिला आठवतच नाही.

हा सिनेमा मी आईबरोबर पाहिला. ती बसली होती, खुर्चीवर. भाकरी मी आधीच टाकल्या होत्या. मी विचारलं, "आई, तुझी कोणती राहिली?" ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "ते तुझे रविवारचे पिक्चर. त्यांच्या पुढचं सांग आता सगळं." आता दर रविवारी आम्ही तिचा एकेक अर्धवट सिनेमा पुरा करतो आहोत.

मैत्रिणींनो, आज घरी जाल तेव्हा तुमच्या बोटाची चिंधी आठवून बघा. आणि ती आठवायला आधी जरा बसा.