‘बाई, तुम्ही आधी शांत व्हा’

(समुपदेशन केंद्रांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



आजच्या सत्राचा विषय फळ्यावर लिहिला आहे : ‘शहरातले जगणे आणि श्वास’. सकाळी तो वाचून मागच्या रांगेतल्या एकीने मला विचारले, “म्हणजे ताई, आता आपणही बायकांना शांत राहायला शिकवायचे का?” प्रश्न रास्त आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

‘शांत हो’ हे आपल्यातल्या प्रत्येकीने ऐकले आहे. माहेरी आईकडून, सासरी सासूकडून, ऑफिसात साहेबाकडून आणि पोलीस चौकीत ठाणे अंमलदाराकडून. त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘गप्प बस’ असाच असतो. त्यामुळे कुणी श्वास, ध्यान असे शब्द काढले की आपले कान टवकारतात आणि ते टवकारलेच पाहिजेत. तरीही मी आज श्वासाबद्दल बोलणार आहे. कारण गप्प बसणे आणि भानावर असणे यांत फरक आहे, आणि तो मला फार उशिरा कळला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा डोंबिवलीहून फोर्टला नोकरीला जात होते. संध्याकाळी आठवड्यातून तीन दिवस दादरला केंद्रात केसेस घ्यायच्या आणि रात्री साडेनऊला घरी पोचून कुकर लावायचा. त्या काळी जलद गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जात. हा बोगदा १९१६ सालचा, सव्वा किलोमीटरहून थोडा अधिक लांब. एके दिवशी बोगद्यात गाडी शिरली आणि मला श्वासच मिळेना. छातीत धडधड, बोटांना मुंग्या, घसा आवळल्यासारखा. बायकांनी पंख्याखाली जागा करून दिली, कुणीतरी पाण्याची बाटली पुढे केली. ठाण्याला उतरले आणि बाकावर बसून रडले. आदल्या आठवड्यात आमच्या केंद्रात येणारी एक मुलगी जळून गेली होती. तिचा जबाब होईपर्यंत मी हॉस्पिटलात बाहेर उभी होते. त्या दिवशी मी रडले नव्हते, कारण दुसऱ्या दिवशी कोर्टाची तारीख होती.

मग तो बोगदा रोज येऊ लागला. मी घरून निघतानाच त्याला घाबरायची. डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तपासले न तपासल्यासारखे केले आणि म्हणाले, “मन शांत ठेवा. या वयात असे होतेच.” मी तेव्हा अडतीस वर्षांची होते! गटातल्या एका मैत्रिणीने हट्टाने रक्त तपासून घ्यायला लावले. हिमोग्लोबिन साडेसात निघाले. पाळीत अंगावरून फार जायचे, ते मी वर्षानुवर्षे सांगितलेच नव्हते. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, पाळीवर उपचार झाले आणि जिना चढताना लागणारी धाप तीन महिन्यांत कमी झाली.

हे मुद्दाम आधी सांगते आहे. बाईला दम लागतो तेव्हा तो तिच्या मनात आहे असे धरून चालू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. शंभरात सत्तावन्न! शिवाय दमा आहे, हृदयाचे आजार आहेत, चुलीचा धूर आहे, शहरातल्या बांधकामांची धूळ आहे. यांवर श्वासाकडे लक्ष देणे हा उपचार नव्हे. आधी डॉक्टर, आधी रक्ताची तपासणी. मग पुढचे.

पण माझे पुढचे शिल्लक होतेच. धाप कमी झाली तरी बोगद्याची भीती जाईना. आणि तिथे मला मदत केली ती आमच्या गटातल्या एका मावशींनी. मावशी महापालिकेच्या सफाई खात्यात होत्या. पहाटे रस्ता झाडायचा, दुपारी घर, संध्याकाळी वस्तीतल्या बायकांची बैठक. त्या बौद्ध, आणि इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जाऊन आलेल्या. सत्यनारायण गोएंका ब्रह्मदेशातून ही साधना घेऊन १९६९ मध्ये भारतात आले आणि पुढे इगतपुरीला धम्मगिरी उभी राहिली, हे पुष्कळजणींना माहीत असेल. तिथे पहिले तीन दिवस फक्त श्वासाकडे लक्ष द्यायचे असते. त्याला आनापान म्हणतात. मावशी त्याबद्दल बडेजाव न करता बोलायच्या. मला म्हणाल्या, “ताई, तुम्ही श्वास ओढताय. ओढू नका. येतोय तो बघा, जातोय तो बघा. नाकाच्या टोकाला गार लागतंय का, कोमट लागतंय, एवढंच.”

मी म्हटले, “मावशी, त्या गर्दीत कसले नाकाचे टोक!” त्यावर त्या म्हणाल्या, “आम्ही धुळीत बघतो. पदर नाकावर बांधून झाडतो तेव्हा आमचा श्वास आम्हालाच ऐकू येतो.”

हे वाक्य मी विसरलेले नाही. त्यात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे श्वास बघायला डोंगर, आश्रम, अगरबत्ती लागत नाही. दुसरी म्हणजे मावशींना धुळीत साधना करावी लागू नये. त्यांना मास्क मिळाले पाहिजेत, ही आमची मागणी होतीच. श्वास बघता येतो म्हणून मागणी सोडायची नाही.

मी बोगद्यात श्वास मोजू लागले. मोजणे हे मावशींच्या साधनेत नाही, तो माझा जुगाड. गाडी शिरली की एक, दोन, तीन. बोगदा संपेपर्यंत साधारण वीस-बावीस श्वास होत. पहिल्या दिवशी मला आश्चर्य वाटले. ज्याला मी जन्मठेप समजत होते तो बावीस श्वासांचा बोगदा होता. भीती लगेच गेली नाही. पण ती येते, चढते आणि उतरते, हे दिसू लागले. आणि हळूहळू डबाही दिसू लागला. कुणी मटार सोलते आहे, कुणी पोरीच्या परीक्षेचे सांगते आहे, कुणी ‘कुठे उतरणार?’ म्हणून जागा सांगून ठेवते आहे. इतके दिवस मी त्या डब्यात होते आणि नव्हतेही.

यात शरीराचे साधे गणित आहे. बसल्या जागी मोठ्या माणसाचे मिनिटाला बारा ते वीस श्वास होतात. घाबरलो की ते उथळ आणि भरभर होतात, रक्तातला कर्बवायू गरजेपेक्षा कमी होतो आणि त्यामुळे मुंग्या, चक्कर, डोके हलके होणे हे सगळे घडते. आपल्याला वाटते हवा कमी पडते आहे, म्हणून आपण आणखी ओढतो. शिवाय श्वास आत घेताना हृदयाचे ठोके थोडे वाढतात आणि सोडताना थोडे मंदावतात. म्हणून घाबरलेल्या माणसाला ‘मोठा श्वास घे’ म्हणण्यापेक्षा ‘सावकाश सोड’ म्हणणे उपयोगाचे.

आता चौकीतली गोष्ट. एका बाईला घेऊन तक्रार द्यायला गेलो होतो. नवऱ्याने डोके भिंतीवर आपटले होते, तीन टाके होते. अंमलदार नेहमीचे म्हणाले, “बाई, तुम्ही आधी शांत व्हा.” पूर्वीची मी असते तर तिथेच भडकले असते. मी आवाज चढवायचा, त्यांनी चढवायचा, आणि ज्या बाईसाठी आलो ती कोपऱ्यात आक्रसून बसायची, असे कितीदा झाले होते. त्या दिवशी मी पाय जमिनीवर टेकवले आणि तीन श्वास सावकाश सोडले. रागही तिथेच होता. पण त्या तीन श्वासांत मला दिसले की ते लिहीत होते ते एनसीचे रजिस्टर होते, म्हणजे अदखलपात्र तक्रार. आणि शेजारची बाई माझी बाही ओढत होती. तिला सांगायचे होते की याआधीही दोनदा दवाखान्यात गेली होती, कागद पिशवीत होते. मी ते कागद टेबलावर ठेवले आणि म्हटले, “साहेब, ही ४९८अ ची तक्रार आहे. गुन्हा दखलपात्र आहे. एफआयआर लिहा, आणि प्रत तिला मोफत द्यायची असते.” आवाज चढवावा लागला नाही. दीड तास लागला, पण एफआयआर झाली. (१ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत हेच कलम ८५ झाले आहे, ते लक्षात असू द्या.)

ते म्हणत होते ती शांती आणि ही शांती वेगळी. त्यांना मी गप्प हवी होते. श्वासाने मला तिथे हजर ठेवले.

आता माझी एक चूक सांगते. मला इतका फायदा झाला, तेव्हा मी उत्साहाने केंद्रातल्या बायकांच्या बैठकीत हे सुरू केले. “सगळ्याजणी डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या.” दोन मिनिटांत एक तरुण मुलगी उठून धावत बाहेर गेली. जिन्यात थरथरत बसली होती. नंतर तिने सांगितले, नवऱ्याने तिचा गळा दाबला होता. श्वासाकडे लक्ष नेले की तिला तेच हात आठवत. आणि मी तिला डोळे मिटायला सांगितले होते! मीही तिला ‘शांत हो’च म्हणत होते, फक्त गोड शब्दांत. मी तिची माफी मागितली. ती पुढे येत राहिली, हा तिचा मोठेपणा.

तेव्हापासून आम्ही काही पथ्ये पाळतो. कुणावर सक्ती नाही. डोळे उघडे ठेवायचे. दरवाजा उघडा आणि तिला दिसेल असा. श्वास नको वाटला तर तळपाय जमिनीला लागलेले जाणवतात का ते बघायचे, किंवा खिडकीबाहेरचे तीन आवाज ओळखायचे, किंवा चहाचा गरम कप दोन्ही हातांत धरायचा. भान आणायला श्वास हा एकच रस्ता नाही. आणि एखादीला रात्र-रात्र झोप नसेल, तेच ते डोळ्यांपुढे येत असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर मानसोपचाराची मदत मिळवून द्यायची. आपण तिथे सोबत जायचे.

रोजच्यासाठी मी काय करते तेही सांगते. सकाळी गाडी येण्याआधी प्लॅटफॉर्मवर, कडेपासून मागे उभी राहून, पाच श्वास. चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. कोंडून धरायचा नाही. केंद्रात एक केस संपली आणि दुसरी आत यायची असली की मध्ये पाच श्वास, म्हणजे पहिलीचे दुःख दुसरीच्या अंगावर ओतले जात नाही. फोन वाजला की दोन घंटा वाजू द्यायच्या, मग उचलायचा. आणि घरी कुलूप काढताना एक श्वास, दारातच.

व्हिएतनामचे भिक्षू थिक न्हात हान यांनी युद्धाच्या काळात खेड्यांत काम करणाऱ्या तरुण समाजसेवकांची एक संस्था उभी केली होती. १९७४ मध्ये ते फ्रान्समध्ये, देशापासून दूर होते. तेव्हा त्यांनी मागे राहिलेल्या एका कार्यकर्त्याला या विषयावर लांबलचक पत्र लिहिले. पुढे त्याचे पुस्तक झाले. म्हणजे ही गोष्ट थकलेल्या कार्यकर्त्यांसाठीच लिहिली गेली. त्यात भांडी धुताना भांडी धुण्याकडेच लक्ष द्यावे असे सांगितले आहे. आमच्या बैठकीत हे सांगितले तेव्हा मावशी म्हणाल्या, “देऊ की लक्ष. पण एक दिवस त्यांनाही लक्ष देऊ दे.” ‘त्यांनाही’ म्हणजे घरात पेपर वाचत बसलेल्यांना! सगळ्याजणी खूप हसलो.

मावशींचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. १९९२ च्या मे महिन्यात पश्चिम रेल्वेवर चर्चगेट-बोरिवली महिला विशेष गाडी सुरू झाली, तेव्हा कितीतरी बायकांना पाय टेकवायला जागा मिळाली. ती जागा ध्यानाने मिळाली नाही, गाडी सोडल्याने मिळाली. श्वास माझा मला बघता येतो. पण तो घ्यायला हवा, जागा आणि दोन मिनिटांची उसंत मिळणे हा सगळ्यांचा प्रश्न आहे. म्हणून आजच्या सत्रातून मला दोन ठराव हवे आहेत. केस घेणाऱ्या कार्यकर्तीला दोन केसेसच्या मध्ये दहा मिनिटे मोकळी मिळावीत. आणि मृत्यूची किंवा बलात्काराची केस झाली की त्याच आठवड्यात तिच्यासाठी गटाने बसावे. तिने एकटीने बोगद्यात रडू नये.

चहा आला आहे. ज्यांना वाटेल त्यांनी कप हातात धरून, डोळे उघडे ठेवून, माझ्याबरोबर पाच श्वास घ्या. ज्यांना नको वाटेल त्यांनी चहा प्या. मग ठरावांवर बोलू.